आधी लीद, मग लगाम

वडनेर भोलजीचा माणूस आखातातून परतला की लोक पगार विचारतात. मला अजून उंटाचंच विचारतात. हायवेवरच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणतंच, "सांग ना गड्या, पडला होता ना तू?" पडलो होतो. पण ते नंतर.

गेलो होतो ड्रायव्हर म्हणून, दुबईबाहेर अल मरमूमच्या बाजूच्या एका इज्ब्यावर. इज्बा म्हणजे वाळवंटातला जनावरांचा वाडा. तिथल्या घोड्यांच्या तबेल्यातला एक जण सुटीवर गेला आणि मला विचारलं, जनावरांचं काही येतं का? घरी बैलजोडी सांभाळलेली, पोळ्याला शिंगं रंगवलेली. छाती फुगवून हो म्हणालो.

म्हाताऱ्या राजस्थानी मोतद्दारानं हातात फावडं दिलं. दोन महिने लगामाला हात लावू दिला नाही. पहाटे लीद काढायची, पाणी बघायचं, मग खरारा, मग एकेक पाय उचलून खुरातली घाण टाचेकडून पुढे काढायची. बैल मागून हाकतात. घोड्याला थेट मागचं दिसत नाही. तिथून मुकाट्यानं गेलात तर लाथ ठरलेली. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. मी वऱ्हाडीत बोलायचो, त्याला चालायचं.

चूक झाली ती बैलाच्या सवयीनं. बैल औतावरून आला की आपण सरकी-ढेप पुढे ठेवतो. तशीच मी रपेटीवरून आलेल्या घोड्यापुढे चंदीची बादली ठेवली. बैलाच्या पोटाला चार कप्पे. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, आणि घोड्याला उलटी होत नाही. आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. रात्री तो वळून वळून कुशीकडे बघायला लागला, मग खाली पडून लोळायला. डॉक्टरनं नाकातून नळी घातली. पहाटेपर्यंत त्याला धरून फिरवला. उजाडता उजाडता त्यानं लीद टाकली आणि मोतद्दारानं माझ्या पाठीवर थाप मारली. लीद पाहून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

तेव्हा कळलं, घोडा आधी देखभालीवर चालतो. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे, हे सभासदाच्या बखरीतलं. शाळेत आम्ही तलवारीच पाठ केल्या, पखाल नाही.

आता उंट. उठताना तो मागचे पाय आधी ताणतो, म्हणजे स्वार तोंडावर. त्या क्षणी मागे रेलायचं; मी मान धरायला पुढे झुकलो आणि वाळूत गेलो. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो. घोड्याची दुडकी खालून दणके देते, हा होडीसारखा डोलवतो. फोनवर सांगितलं तर माय म्हणाली, "उंटावर काऊन बसतं रे बाप्पा? आपल्याकडं बैल कमी होते काय?" इज्ब्यावर शेळ्याही होत्या. वर बसून हाकून पाहिल्या. काठी पोचत नाही, म्हण खरी आहे.

शर्यतीच्या उंटांवर मात्र माणूसच नसतो. लहान पोरांना जॉकी म्हणून बसवण्यावर २००५ मध्ये बंदी आली आणि पाठीवर काही किलोंचं यंत्र आलं. मालक शेजारून गाडीतून रिमोटनं चाबूक हलवतो. ती गाडी चालवायला मी होतोच.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याची वरात होती. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली पांढरी घोडी, समोर डीजे. घोडी पुढचा डावा पाय टेकवेना. मालक म्हणाला, "नाचते ती." मी खांद्याकडून गेलो, दोन शब्द बोललो, पाय उचलला. हरभऱ्याएवढा खडा रुतलेला. गाडीच्या किल्लीनं काढला.

वरून नवरदेव म्हणाला, "काका, मुहूर्त जातो ना!"

म्हटलं, "थांब, बाकीचे तीन बघू दे."