शाखेचे नाव आणि जुना पाठ

पाठ शुद्ध करणाऱ्याची जुन्या पाठाविषयी काही जबाबदारी असते काय? एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, आणि त्याआधीच्या पाठाचा प्रश्न ऐरणीवर आला.

संगणकावर एकत्रितपणे संहिता संपादणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. ‘गिट’ या २००५ साली आलेल्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत शाखा म्हणजे एका नोंदीकडे निर्देश करणारे नाव. मिरजोळ्यातील संपादकाने सामायिक शाखेचे नाव बळाने दुसरीकडे वळवले, तर पुण्यातील सहकाऱ्याने नुकतेच नोंदवलेले पाठभेद त्या शाखेतून नाहीसे होतात. ‘फोर्स-विथ-लीज’ या पर्यायात अपेक्षित जुनी नोंद आपण स्वतः लिहून देऊ शकतो. दरम्यान कोणी भर घातली असेल, तर बदल नाकारला जातो.

ही अट संपादनशास्त्राने आपलीशी करावी, असे आम्हांस वाटते. आपण हटवीत आहोत तो पाठ कोणता, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो हटवू नये.