कपाटातला दुसरा स्विच

गेल्या पावसाळ्यात सांबऱ्यात वीज कडाडली आणि आमच्या बिनतारी इंटरनेटचा स्विच जळाला. जोडणी देणाऱ्याकडे दुसरा नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस! बस धरून बेळगाव गाठावे लागले.

स्विच एका जाळ्यातली यंत्रे जोडतो, तर राऊटर एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट ठरवतो. १०० घरांना प्रत्येकी ५० मेगाबिट विकले, तर बेरीज ५००० होते. सारे एकाच क्षणी वापरत नाहीत, म्हणून कमी क्षमतेवर भागते. पण संध्याकाळची गर्दी मोजूनच राऊटर घ्यावा. शिवाय १५ जून २०२१ पासून परवानाधारकाने विश्वासार्ह ठरलेलीच नवी यंत्रे जोडावीत, असा सरकारी नियम आहे. म्हणजे 'मिळेल ते स्वस्त' हा मार्गही उरला नाही.

माझ्या मते एका भारी यंत्रापेक्षा दोन मध्यम घ्यावीत. एक चालते, एक कपाटात. उरलेला पैसा अर्थिंग व बॅटरीवर घालावा. भांडवल अडकते, असे कोणी म्हणेल. अडकते खरे, पण माल शिल्लक न ठेवणाऱ्या किराणा दुकानात आपण किती दिवस जाऊ?

मित्रहो, पुढचे पैसे भरताना मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण एवढे जरूर विचारा : दुसरा स्विच आहे का?