गृहस्थाचे हिशेब : दान, ऋण, कीं निक्षेप ?

आषाढ-श्रावणाच्या सुमारास मीरा-भाईंदरच्या पुष्कळ घरांतून एकच लगबग दृष्टीस पडते. मुलगा अगर मुलगी उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस, कॅनडास अगर इंग्लंडास जावयाची असते. आई भाजणीच्या व मेतकुटाच्या पुड्या काट्यावर ठेवून पाहत असते. बाप कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती काढीत असतो. आजी ओटीचा नारळ विमानांत नेऊं देतात कीं नाहीं, याची चौकशी करीत असते. या साऱ्या तयारींत एक गोष्ट मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यापर्यंत तशीच पडून राहते. ती म्हणजे पैशाची, विशेषतः बँकेंतील खात्यांची, व्यवस्था. प्रस्तुत लेखांत तिचाच विचार कर्तव्य आहे.

एके काळीं मिठागरांचें, भातशेतीचें आणि उत्तनकडील मासेमारीचें हें खाडीकांठचें स्थळ १९८५ सालीं नगरपरिषद व २००२ सालीं महानगरपालिका झालें, आणि २०११ च्या जनगणनेंत येथील वस्ती आठ लक्षांवर गेली. गिरगांव-दादरच्या चाळींतून निघून येथें दोन खोल्यांचें स्वतःचें घर घेणारीं जीं मध्यमवर्गीय कुटुंबें आलीं, त्यांचा बहुतेक सारा संचय त्या घरांतच गुंतलेला आहे. म्हणून अशा घरांतून एक मूल परदेशीं निघतें, तेव्हां केवळ त्याची पेटी भरली जात नाहीं; आई-बापांच्या तीस वर्षांच्या शिलकेसही त्याच विमानानें निघावें लागतें, आणि क्वचित् राहतें घर मागें गहाण पडतें. इतका मोठा व्यवहार घाईनें व न बोलतां उरकला जावा, हें बरें नव्हे.

परदेशगमनाच्या संबंधांत खातीं दोन असतात. एक तिकडचें आणि एक इकडचें. तिकडच्या खात्याकडे सर्वांचें लक्ष असतें, कारण त्या पैशाची सोय दाखविल्यावांचून व्हिसाच मिळत नाहीं. इकडच्या खात्याकडे कोणाचेंच लक्ष नसतें, कारण निघण्याच्या दिवसापर्यंत त्याविषयीं कोणी विचारीत नाहीं. पुढें अडचण मात्र बहुधा या दुसऱ्यामुळेंच होते.

प्रथम तिकडचें पाहूं. जर्मनीस शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास एका वर्षाच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते, आणि त्याचा रूढ मार्ग म्हणजे तेवढी रक्कम एका विशेष खात्यांत अगोदर भरून ठेवणें. या खात्यास जर्मन भाषेंत ‘श्पेर्कोंटो’, म्हणजे रोखून धरलेलें खातें, असें म्हणतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो ठरली असून तींतून विद्यार्थ्यास दरमहा ९९२ युरोच काढतां येतात. कॅनडांत हाच हेतु निराळ्या रीतीनें साधतात. तेथील एखाद्या बँकेंत ठेव ठेवून तिचें प्रमाणपत्र दाखविणें हा पुराव्याचा एक मान्य प्रकार आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून, क्वेबेक प्रांत वगळतां, एकट्या विद्यार्थ्यास शिक्षणशुल्क व प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनडी डॉलर दाखवावे लागतात. इंग्लंडांत पैसा अगोदर तिकडे नेऊन ठेवण्याची सक्ती नाहीं; पण तो आपल्या अगर मातापित्यांच्या खात्यांत सतत २८ दिवस असल्याचें दाखवावें लागतें, आणि मध्यें एक दिवस जरी शिल्लक कमी पडली तरी दिवसांची गणना पुन्हां पहिल्यापासून करावी लागते. ऑस्ट्रेलियांतील कांहीं मोठ्या बँका तेथें पोहोंचण्यापूर्वींच अर्ज घेऊन खातें उघडून देतात. पोहोंचल्यावर शाखेंत पासपोर्ट दाखवून तें चालू करून घ्यावयाचें असतें. हे आंकडे वेळोवेळीं बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें दोन वर्षांपूर्वीं काय केलें यावर न विसंबतां त्या त्या सरकारचा ताजा नियम पाहावा, आणि या कामास निदान दोन-तीन महिने अगोदर आरंभ करावा.

रोखलेल्या खात्याची पद्धत पुष्कळांस जाचक वाटते. पैसा आपला, आणि तो आपणांसच महिन्याच्या मापानें मिळावा, यांत तरुणांस कमीपणा वाटणें साहजिक आहे. परंतु १९१३ सालीं बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले, ते बडोदें संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याचें माप हें परक्या शहरांत शिकणाऱ्याच्या नशिबीं पूर्वींपासूनच आहे, आणि पहिल्याच महिन्यांत हात सैल सुटूं नये हा त्याचा लाभही आहे. पंढरीच्या वाटेवर पहिल्याच मुक्कामास सारी शिदोरी सोडून बसणारा वारकरी कोणी पाहिला आहे काय ?

पैसा तिकडे पाठवावा कसा, हा यापुढील प्रश्न. पूर्वीं पेढीवरून दर्शनी अगर मुदती हुंडी घेऊन दूरच्या शहरीं रक्कम नेत असत, आणि तो व्यवहार सचोटीचा मानला जाई. आज मात्र तो शब्द हवाल्याच्या चोरवाटेस लावितात. ‘इकडे रुपये द्या, तिकडे युरो घ्या, दरही चांगला मिळेल,’ असें सुचविणारा कोणी ओळखीचा प्रत्येक वस्तींत भेटतोच. त्याच्या नादीं लागूं नये. परकीय चलन व्यवस्थापनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणें हा व्यवहार नियमबाह्य व दंडास पात्र आहे. शिवाय पैसा कोठून आला याचा कागद विद्यार्थ्याच्या हातीं राहत नाहीं.

सरळ मार्ग पुरेसा रुंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या एल्.आर्.एस्. योजनेखालीं भारतांत राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षास १० लक्ष रुपयांपर्यंतच्या रकमेवर ‘टी.सी.एस्.’ म्हणून जो कर पाठविण्याच्या वेळींच घेतात तो लागत नाहीं. मान्य संस्थेच्या शिक्षणकर्जांतून पाठविलेल्या रकमेवर तर तो मुळींच नाहीं. त्यापलीकडे जो कर बँक घेते, तो बुडाला असें समजूं नये. ज्याच्या पॅन क्रमांकावर पैसा गेला, त्याच्या प्राप्तिकरांत तो वजा करून मिळतो. म्हणून रक्कम बापाच्या नांवें पाठवावी कीं मुलाच्या, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. अंगावर परकीय नोटा सामान्यतः एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंतच नेतां येतात. बाकीची रक्कम कार्डावर अगर खात्यांत असावी.

आतां इकडचें खातें. वर सांगितलेला कायदा १ जून २००० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें नोकरी, धंदा अगर अनिश्चित मुदतीचा मुक्काम यांसाठीं जो भारत सोडतो, तो ‘अनिवासी’ होतो; आणि रिझर्व्ह बँकेनें २००३ सालीं केलेल्या खुलाशाप्रमाणें परदेशीं शिकावयास गेलेला विद्यार्थीही त्यांतच मोडतो. अशा मनुष्यास आपलें साधें बचतखातें पूर्ववत् चालूं ठेवतां येत नाहीं. बँकेस कळवून तें ‘एन्.आर्.ओ.’ म्हणजे अनिवासी सामान्य खात्यांत बदलून घ्यावें लागतें. भाडें, लाभांश, जुन्या ठेवींचें व्याज, असें भारतांतील उत्पन्न या खात्यांत जमा व्हावें. या खात्यावरील व्याजांतून, अधिभार व उपकर सोडून, ३० टक्के कर बँक अगोदरच कापते. यांतील शिल्लक कराची पूर्तता केल्याचे कागद देऊन एका आर्थिक वर्षांत १० लक्ष डॉलरपर्यंत बाहेर नेतां येते. तिकडे मिळविलेला पैसा इकडे ठेवावयाचा असेल तर ‘एन्.आर्.ई.’ खातें निराळें. त्याचें व्याज येथें करमुक्त असून मुद्दल व व्याज दोन्ही विनासायास परत नेतां येतात. सार्वजनिक भविष्यनिधीचें, म्हणजे पी.पी.एफ्.चें, जुनें खातें मुदतीपर्यंत चालतें. नवें उघडतां येत नाहीं. प्राप्तिकराच्या कामीं निवासाचा निकष दिवसांच्या गणतीवर ठरतो. त्याची या कायद्याशीं गल्लत करूं नये.

‘कोण पाहतो ? राहूं द्या खातें आहे तसें,’ असें म्हणणारे अनेक आहेत. त्यांनीं पुढील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. मुलगा कमावता झाला तेव्हां घरांत एक संयुक्त खातें उघडलें. कौतुकानें पहिलें नांव मुलाचें घातलें, दुसरें बापाचें. आणि बापानें निवृत्तीची पुंजी त्यांतच ठेविली. मुलगा परदेशीं गेला. कांहीं महिन्यांनीं त्याचा येथील मोबाईल क्रमांक बंद पडला, पण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर जात राहिला. पुढें बँकेस सत्य कळलें व खातें अनिवासी ठरलें. अशा खात्यांतून दुसऱ्या, भारतांत राहणाऱ्या, जोडीदारास पहिल्याच्या हयातींत मुखत्यारपत्रावांचून पैसे काढतां येत नाहींत. अशा वेळीं जर म्हाताऱ्यास इस्पितळांत नेण्याचा प्रसंग आला, तर स्वतःच्या पैशासाठीं त्याला साता समुद्रांपलीकडील सहीची वाट पाहावी लागते. यांत बँकेचा दोष नाहीं, आणि मुलाच्या मनांतही पाप नाहीं. पैसा एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ती मांडणीच चुकीची होती.

येथें मूळ प्रश्न येतो. आपल्या घरांतून मुलास पैसा देतांना तो काय म्हणून दिला, हें उच्चारण्याची चाल नाहीं. ‘घरच्या घरांत कसला हिशेब ?’ हें वाक्य प्रेमाचें समजलें जातें. परंतु आपले स्मृतिकार इतके भाबडे नव्हते. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें ऋणादान व दुसरें निक्षेप आहे. आणि दिलेल्या वस्तूसंबंधीं उत्पन्न होणाऱ्या वादाचें, दत्तस्यानपकर्म नांवाचें, एक निराळें पद आहे. अर्थात् एकाच हातानें एकाच हातांत दिलेला पैसा तीन प्रकारचा असूं शकतो, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. दान म्हणून दिलें तें संपलें. तें मनांतही पुन्हां मोजूं नये. ऋण म्हणून दिलें तें फेडावयाचें. त्यास रक्कम पाहिजे व मुदतही पाहिजे. निक्षेप म्हणजे विश्वासानें सांभाळावयास ठेवलेलें. तें ठेवणाऱ्याचेंच राहतें व मागतांक्षणीं परत द्यावयाचें असतें.

आमच्या घरांत होतें तें असें कीं, बाप तोंडानें दान म्हणतो व मनांत ऋण धरतो. आई तोच पैसा निक्षेप समजते, म्हणजे म्हातारपणीं तो आपलाच आहे असें मानते. आणि मुलगा दान समजून निश्चिंत असतो. चार-पांच वर्षांनीं मुलगा तिकडे घरासाठीं पैसा जमवीत असतो, आणि इकडे इमारत जुनी होऊन दुरुस्तीची वर्गणी अगर भाड्याची जागा यांची विवंचना बापास लागते. तो मागत नाहीं, कारण आपण दान म्हटलें होतें. मुलगा पाठवीत नाहीं, कारण कोणी मागितलेंच नाहीं. दोघेही सच्चे असतात, आणि दर रविवारचें दोघांचें बोलणें हळूहळू हवापाण्यावर येऊन थांबतें. हा तोटा कोणत्याही बँकेच्या उताऱ्यांत दिसत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, खातें उघडण्यापूर्वीं पैशाचें नांव ठरवावें. निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं आई, बाप व मूल यांनीं वही घेऊन बसावें, आणि प्रत्येक रकमेपुढें तीन शब्दांपैकीं एक लिहावा. एकदां नांव ठरलें कीं खातें आपोआप ठरतें. जें दान, तें मुलाच्या स्वतःच्या नांवें व स्वतःच्या खात्यांत जावें. जें ऋण, त्याचे हप्ते कोण, कोणत्या महिन्यापासून भरणार हें लिहून ठेवावें. शिक्षणकर्ज मुलाच्या नांवें असून घर गहाण असेल तर तें त्यास स्पष्ट सांगावें, लपवूं नये. जें निक्षेप, म्हणजे जी आई-बापांच्या म्हातारपणाची पुंजी, ती त्यांच्याच नांवें पहिल्यानें राहावी. अशा खात्यांत परदेशस्थ मुलाचें नांव दुसरें म्हणून, ‘दोहोंपैकीं कोणीही अथवा हयात राहील तो’ या अटीवर, ठेवण्यास रिझर्व्ह बँकेचा नियम आड येत नाहीं. पण तो पैसा आपला नव्हे हें मुलानें जाणून असावें.

बरोबरच कांहीं बारीक कामें उरकावीं. पॅन व पत्त्याचे कागद अद्ययावत् असावेत, बँकेकडील मोबाईल क्रमांक ज्याचें खातें त्याचाच असावा व मुलाचा येथील क्रमांक चालू राहील अशी तजवीज असावी, मुलाच्या एन्.आर्.ओ. खात्याचा अर्ज व नमुन्याच्या सह्या तो येथें असतांनाच तयार कराव्यात, कारण परदेशांतून तेच कागद साक्षांकित करून पाठविणें वेळखाऊ व खर्चाचें असतें. आणि मुलाचे येथील व्यवहार कोणीं पाहावयाचे त्याचें मुखत्यारपत्र करून ठेवावें. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेंतील ठेवीस चारपर्यंत वारस-नामनिर्देश करितां येतात; तो रकाना रिकामा सोडूं नये.

या सर्वांत कायद्याचा एक प्रश्न मात्र घरांत बोलणें फार कठीण जातें. जाणें ठराविक मुदतीचें आहे कीं अनिश्चित ? हाच प्रश्न आईच्या ओठांवर असतो; ती विचारीत नाहीं, कारण तिला उत्तराची भीति वाटते, आणि मूल सांगत नाहीं, कारण त्यालाही तें ठाऊक नसतें. मग एके दिवशीं ‘अनिवासी’ हा शब्द पासबुकावर छापून येतो आणि माउलीच्या काळजास लागतो. तो शब्द पैशाविषयींचा आहे, मायेविषयींचा नव्हे, हें तिला मुलानें स्वतः, जाण्यापूर्वीं, समजावून सांगावें. ‘परत येईन कीं नाहीं हें मला आज सांगतां येत नाहीं, पण तुमचा पैसा तुमच्या नांवें आहे, आणि माझ्यावरील ऋण या वहींत लिहिलेलें आहे,’ इतकें जर तो म्हणूं शकला, तर आई-बापांस खोट्या आश्वासनापेक्षां त्याचा आधार कितीतरी अधिक वाटेल.