भीती असू द्या, दोर पक्का असू द्या

उंचीची भीती हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. रक्तदाब, मधुमेह, क्षय, रक्ताची कमी हे आपले नेहमीचे विषय. पण आपल्या वस्त्या आता उभ्या वाढू लागल्या आहेत. काल जिची मोरी आणि उंबरठा जमिनीला टेकून होता, ती बाई पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या नाहीतर चौदाव्या मजल्यावर राहायला गेली. कपडे वाळत घालायला खिडकीशी गेली की तिचे पाय लटपटतात. स्टेशनचा पादचारी पूल चढताना खालून गाडी धडधडत गेली की पोटात गोळा येतो. पूल नको म्हणून रूळ ओलांडून जाणाऱ्या बायका आम्हाला भेटल्या आहेत. पडण्याच्या भीतीने त्या गाडीसमोरून जातात. ही गोष्ट आरोग्याची नाही तर कशाची?

आमचे म्हणणे असे की उंचीची भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि ती हसण्यावारी नेण्याची गोष्टही नव्हे. तिच्यावरचा एक चांगला उपाय म्हणजे दोर बांधून, हळूहळू, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली चढायला शिकणे. प्रस्तरारोहण म्हणजे कड्यावर किंवा बांधलेल्या भिंतीवर चढण्याचा खेळ. तो आपल्या घरातल्या बायकांनी, मुलींनी आणि विशेष करून घाबरणाऱ्या मुलांनी शिकावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

भीती येते कुठून?

आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात. डोळे, कानाच्या आतला तोल राखणारा भाग, आणि पायाच्या तळव्यांतून व सांध्यांतून मेंदूला मिळणारी खबर. जमिनीवर उभे असताना डोळ्यांना जवळच भिंत, झाड, माणूस दिसत असते. त्यांच्याकडे पाहून शरीर आपले किंचित झुलणे सावरत राहते. उंचावर गेले की जवळचे काहीच उरत नाही, सगळे दूर असते. डोळ्यांना टेकू मिळत नाही, झुलणे वाढते, आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मग छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, गुडघे हलतात. बुद्धी कमी असल्यामुळे किंवा मन दुबळे असल्यामुळे हे होत नाही. शरीर आपले काम करत असते, फक्त जरा जास्त जोरात.

अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या संशोधकांनी रांगणाऱ्या बाळांवर एक प्रयोग केला. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. जाड काचेच्या टेबलाच्या अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली नक्षीचे कापड होते, उरलेल्या अर्ध्या भागात तेच कापड खूप खाली, जमिनीवर होते. काच सगळीकडे सारखीच भक्कम. ३६ बाळांपैकी २७ बाळे आईच्या हाकेला जागची हलली, आणि त्यांतली फक्त ३ खोल दिसणाऱ्या बाजूला गेली. आई पलीकडून बोलावत असूनही बाकीची गेली नाहीत. खोलीचा धाक माणसाला रांगत्या वयापासून असतो. तो नसता तर आपण कितीतरी मुले गमावली असती.

आणि ही भीती आपल्या एकट्याची नाही. जर्मनीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २८ टक्के लोकांनी उंचावर अस्वस्थ होत असल्याचे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा थोडे जास्त होते. म्हणजे चार माणसांच्या घरात सरासरी एकाला हा त्रास असू शकतो. तो बोलत नाही, कारण बोलला की घरचेच हसतात.

हसणे बंद करा

मुलगा गच्चीच्या कडेला जायला घाबरला की मित्र त्याला ढकलल्यासारखे करतात. बाप म्हणतो, ‘मर्द आहेस ना?’ मग तोच मुलगा आपण घाबरत नाही हे दाखवायला पाण्याच्या टाकीवर चढतो, किंवा दहीहंडीच्या वरच्या थरावर उभा राहतो. दोर नाही, डोक्याला टोपी नाही, खाली गादी नाही. अपघात विभागात नोकरी करताना असे तरुण आम्ही स्ट्रेचरवरून उतरवून घेतले आहेत. मणक्याला मार लागलेला मुलगा पायाची बोटे हलवून दाखवा म्हटल्यावर आपल्याच पायांकडे बघत राहतो, ते पाहिलेल्याला ‘मर्द आहेस ना’ हे शब्द ऐकवत नाहीत.

त्याच विभागात परांचीवरून पडलेले रंगारी आणि गवंडी यायचे. कमरेला सेफ्टी बेल्ट असायचा, पण त्याचा हूक कशालाच अडकवलेला नसायचा. कुणाला तो अडकवायचा कुठे हे सांगितलेले नसायचे, तर कुणी ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून मोकळा सोडलेला असायचा. भीतीची लाज वाटली की माणूस बेल्टचीही लाज धरतो. आपली माणसे पोटासाठी रोज उंचीवर चढतात. निदान त्यांना घाबरण्याची परवानगी द्या. घाबरणारा माणूस हूक तपासतो.

चढण्याचा खेळ काय शिकवतो?

भीतीबद्दल मानसोपचारातली एक जुनी, पारखलेली गोष्ट आहे. ज्याची भीती वाटते त्यापासून पळत राहिले तर भीती वाढते. तिच्यासमोर थोडे थोडे, सुरक्षितपणे, पुरेसा वेळ थांबले की ती शिखराला जाते आणि मग आपोआप उतरू लागते. जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५८ मध्ये अशी पायरी-पायरीची पद्धत पुस्तकातून मांडली. एकदम खोल पाण्यात ढकलणे म्हणजे ही पद्धत नव्हे. त्याने भीती आणखी पक्की होऊ शकते.

चढण्याच्या भिंतीवर ही पद्धत हाताला लागते. चढणारीच्या कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला आठच्या आकड्याच्या गाठीने दोर बांधतात. तो दोर वर भक्कम आधाराला अडकवलेल्या कॅराबिनरमधून फिरून खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हार्नेसवरच्या उपकरणातून जातो. चढणारी वर गेली की खालची जोडीदार सैल झालेला दोर ओढून घेते. हात सुटला तर दोर आवळला जातो आणि चढणारी थोडीशी खाली येऊन तिथेच लटकते. याला ‘बिले देणे’ म्हणतात. बिले देणारीचा दोराच्या सुट्या टोकावरचा हात कधीही सुटता कामा नये, हा पहिला आणि शेवटचा नियम.

आमच्या महिला मंडळातल्या नऊ जणी एका सरकारी क्रीडासंकुलातल्या अशा भिंतीवर दर रविवारी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने विचारले, ‘सफाईचं काम का?’ आम्ही म्हणालो, ‘नाही, चढायचं आहे.’ त्याने आमच्या साड्यांकडे पाहिले. पुढच्या रविवारी आम्ही पंजाबी ड्रेस घालून गेलो, आणि नाव नोंदवूनच आत शिरलो.

आमच्यात स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बावन्न वर्षांच्या एक मावशी आहेत. पहिल्या दिवशी त्या कमरेइतक्या उंचीवर गेल्या आणि पाय शिलाई मशीनसारखा हलायला लागला. त्यांचा दोर धरला होता त्यांच्याच सतरा वर्षांच्या भाचीने. ती खालून म्हणाली, ‘मावशी, टाच खाली सोड. दोर माझ्याकडे आहे.’ टाच खाली सोडल्यावर थरथर कमी झाली, कारण चवड्यांवर ताणून उभे राहिले की पोटऱ्या थकून थरथरतात. आठव्या रविवारी मावशी भिंतीच्या निम्म्यावर पोहोचल्या. वरच्या टोकाला त्यांनी अजून हात लावलेला नाही. पण त्या आठवड्यापासून त्या स्टेशनचा पूल कठडा धरून का होईना, चढून जातात. आम्हाला हे वरच्या टोकापेक्षा मोठे वाटते.

आम्हा सगळ्यांची भीती गेली, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्यातल्या बहुतेकींना अजूनही निघताना पोटात कालवाकालव होते. फरक इतकाच की भीती आली म्हणजे उतरायलाच हवे, असे आता वाटत नाही.

भीतीचा उपयोगही आहे. लिन हिल ही जगातली नावाजलेली अमेरिकन गिर्यारोहक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावर तिची दोराची गाठ अर्धवट राहिली आणि ती सुमारे ७२ फूट खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. पुढे १९९३ मध्ये तिने एल कॅपिटनची ‘नोज’ ही अवघड वाट दोराला न लोंबता, फक्त हातापायांनी चढून दाखवली. तिच्यासारखीची गाठ राहू शकते, तर आपली का नाही? म्हणून चढण्याआधी दोघींनी एकमेकींची गाठ, हार्नेसची बक्कले आणि हेल्मेट हाताने तपासायचे. ओळख, नाते, अनुभव काहीही असो.

सुरुवात अशी करा

पहिले, घरातल्या जिन्यावर किंवा पहिल्या मजल्याच्या कठड्याशी दोन्ही पाय नीट टेकून उभ्या राहा. नजर जवळच्या न हलणाऱ्या वस्तूवर ठेवा. ढगांकडे किंवा खालच्या धावत्या गाड्यांकडे पाहू नका.

दुसरे, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. विहारात ज्यांनी आनापानाचा सराव केला आहे, त्यांना हे सोपे जाते.

तिसरे, धडधड उतरेपर्यंत तिथेच थांबा. ती वाढत असताना पळून आलात तर शरीर पळण्याचाच धडा शिकते.

चौथे, एक मजला सोपा झाला की दुसरा. त्यानंतर भिंत. भिंतीवर पहिल्या दिवशी दोन हात उंची पुरे. तिथून मुद्दाम हात सोडून दोराला लटकून पाहा. दोर धरतो, हे शरीराला कळू द्या. चढताना जोर पायांवर द्या, हातांवर नको. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले असू द्या.

पण आधी तपासणी. उंचीशी संबंध नसताना चक्कर येत असेल, कुशीवर वळताना खोली फिरते असे वाटत असेल, कानात आवाज येत असतील, तर ते दुखणे वेगळे असू शकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी तो उपचार. रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयविकार, फिट किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका.

आणि प्रशिक्षकाशिवाय मोकळ्या कड्यावर कुणीही जाऊ नका. कान्हेरीला आपण कुटुंबासह जातो. तिथली कोरीव लेणी संरक्षित आहेत, त्यांच्यावर चढायचे नसते.

‘हे श्रीमंतांचे चोचले’

असे आमच्याच लोकांनी आम्हाला सुनावले. त्यांना आम्ही मालावत पूर्णाचे नाव सांगतो. निजामाबाद जिल्ह्यातल्या आदिवासी शेतमजूर घरातली ही मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती. तिथून निवड होऊन तिने भोंगीरच्या खडकावर चढण्याचे धडे घेतले. २५ मे २०१४ रोजी, १४ वर्षे पूर्ण होण्याआधी, ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. सोबत खम्मम जिल्ह्यातला दलित घरातला आनंद कुमार होता. आपल्याकडे मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे ५ आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. या मुलांना पैसा घरातून मिळाला नव्हता. सरकारने संधी दिली आणि शिकवणारे दिले, म्हणून ते घडले.

चढण्याचा खेळ टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आला आहे. आपल्या मुलांनी एव्हरेस्टच चढावे, पदकच आणावे, असा आमचा हट्ट नाही. पण करातून बांधलेल्या भिंतीवर त्यांचा हक्क आहे. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, महापालिकेच्या क्रीडा विभागाकडे अर्ज करा. आपल्या भागात भिंत आहे का, शुल्क किती, महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, वस्तीतल्या मुलांना सवलत आहे का, प्रशिक्षक प्रमाणपत्रधारक आहे का, हे लेखी विचारा. भिंत नसेल तर मागा. आणि त्याच अर्जात आपल्या वॉर्डातल्या इमारतींवर काम करणाऱ्या रंगाऱ्यांना बेल्ट अडकवायला दोर कुठे आहे, हेही विचारा.

तोवर घरात एवढे करा. जो घाबरतो त्याला हसू नका, ढकलू नका, आणि घरी बसवूनही ठेवू नका. त्याच्यासोबत एक मजला चढा, आणि तो म्हणेल तेव्हा थांबा.