विजेच्या मोटारी आणि जुन्या गाड्यांचे शौकीन

केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराच्या दरांत बदल केले आणि त्याचा एक परिणाम मोटारींच्या बाजारपेठेवर तत्काळ दिसून आला. लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्के अधिक उपकर यांऐवजी १८ टक्के झाला, मोठ्या मोटारींवर उपकराशिवाय सरसकट ४० टक्के कर ठरला आणि विजेच्या मोटारींचा ऑगस्ट २०१९ पासूनचा ५ टक्के दर कायम राहिला. करातील अंतर अजूनही विजेच्या बाजूने आहे. परंतु लहान गाड्यांच्या बाबतीत ते जवळजवळ निम्म्यावर आले. त्यामुळे पेट्रोलची गाडी ठेवावी की विजेची घ्यावी, हा प्रश्न अनेक घरांत पुन्हा एकदा चर्चेला आला आहे.

सामान्य ग्राहक या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढतो. एक वर्ग मात्र असा आहे की ज्याच्या दृष्टीने गाडी हे केवळ वाहतुकीचे साधन नाही. रविवारी पहाटे उठून घाटात गाडी चालविणारा, पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे सुटे भाग गावोगाव शोधणारा, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा हा वर्ग संख्येने लहान आहे. तरीही नात्यात किंवा कचेरीत कोणाला नवी गाडी घ्यायची झाली की सल्ला विचारला जातो तो याच मंडळींना. देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या चाळीस लाखांहून अधिक प्रवासी मोटारींपैकी विजेच्या मोटारी एक लाखाच्या आसपास होत्या. सन २०३० पर्यंत नव्या खासगी मोटारींपैकी ३० टक्के विजेवर चालणाऱ्या असाव्यात, हे उद्दिष्ट गाठायचे असेल तर या सल्लागारांचे मत दुर्लक्षिण्यासारखे नाही.

विजेची गाडी मंद असते, हा आक्षेप आता टिकण्यासारखा राहिलेला नाही. खरे तर तो इतिहासालाही धरून नव्हता. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवरच चालत होती. कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने एप्रिल १८९९ मध्ये फ्रान्समध्ये तो विक्रम केला. भारतात मात्र विजेच्या मोटारीची पहिली ओळख झाली ती २००१ मध्ये बंगळुरू येथे तयार झालेल्या रेवा या चिमुकल्या दोन दारांच्या गाडीमुळे. ती शहरातल्या शहरात फिरण्यासाठी होती आणि शौकिनांनी तिच्याकडे कौतुकापेक्षा करमणूक म्हणूनच पाहिले. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीने हे चित्र बदलण्यास प्रारंभ केला. चाचणीत ३१२ किलोमीटरचा पल्ला नोंदविणारी ही गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर एका चार्जिंगमध्ये दोनशेच्या आसपास किलोमीटर जात असे, ही तक्रार खरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने सादर केलेली, चाकणच्या कारखान्यात तयार होणारी बीई ६ ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. हा वेग काही वर्षांपूर्वीपर्यंत फक्त आयात केलेल्या महागड्या गाड्यांमध्ये मिळत असे. विजेच्या मोटारीत पायाखाली दाब पडताच पूर्ण ताकद चाकांपर्यंत पोहोचते, आणि जड बॅटरी तळाशी असल्याने वळणावर गाडी जमिनीला धरून राहते. एकदा अशी गाडी चालवून पाहिलेला शौकीन वेगाबद्दल सहसा तक्रार करीत नाही.

मग अडते कुठे? पहिले उत्तर गिअरचे आणि आवाजाचे. क्लच दाबून योग्य क्षणी गिअर बदलणे, इंजिनाचे फेरे कानाने मोजणे, यात चालकाचे कौशल्य पणाला लागते. विजेच्या मोटारीत ते कौशल्य अनावश्यक ठरते. या शांततेची दखल सरकारलाही वेगळ्या कारणाने घ्यावी लागली. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी नव्या विजेच्या मोटारींत कृत्रिम आवाजाची यंत्रणा बसविण्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. पण आवाजाची आवड हा अखेर सवयीचा भाग आहे, आणि सवयी बदलतात.

दुसरे उत्तर अधिक खोलवर जाणारे आहे. भारतातील मोटारींचा शौक हा प्रामुख्याने दुरुस्तीचा शौक आहे. नव्वदच्या दशकापर्यंत देशात गाड्यांची निवडच मोजकी होती. ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, नंतर मारुती ८००, काँटेसा, जिप्सी. त्यामुळे नवी गाडी घेण्यापेक्षा आहे ती गाडी सुधारण्याकडे ओढा राहिला. दिल्लीतील काश्मिरी गेट, मुंबईतील ऑपेरा हाउस, पुण्यातील नाना पेठ, बंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईचे पुदुपेट ही या शौकाची तीर्थक्षेत्रे होत. येथे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे झालेल्या गाडीचा कार्ब्युरेटर मिळतो, न मिळाल्यास तसाच दुसरा जुळवून देणारा कारागीर मिळतो. झाडाखालच्या गॅरेजात उघडलेले इंजिन मालक स्वतः पाहतो, हात काळे करतो, शिकतो. विजेच्या मोटारीची बॅटरी आणि तिचे नियंत्रण करणारी संगणकप्रणाली मात्र कंपनीच्या हाती असते. उच्च दाबाच्या विजेमुळे बॅटरीला अप्रशिक्षित माणसाने हात लावणे जिवावर बेतू शकते, हे खरेच आहे. परंतु आठ किंवा अधिक वर्षांची हमी संपल्यानंतर, गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा असलेली ही बॅटरी कोण आणि किती खर्चात दुरुस्त करणार, या प्रश्नाला आजच्या बाजारपेठेत समाधानकारक उत्तर नाही. जी गाडी तिचा मालक उघडू शकत नाही, ती तीस वर्षे जपली जाईल का, अशी शंका जाणकार घेतात ती यामुळेच.

खर्चाचा हिशेबही शौकिनाच्या बाबतीत उलटा पडतो. मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीला शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज लागते. घरच्या जोडणीवर युनिटला ८ ते १० रुपये धरले, तर हा खर्च १२० ते १५० रुपये होतो. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतरासाठी, लिटरचा भाव १०० रुपयांच्या आसपास धरला तरी, साडेसहाशेहून अधिक रुपये लागतात. शंभर किलोमीटरमागे किमान पाचशे रुपयांची ही बचत, महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्यास वर्षाला ९० हजारांच्या घरात नेते. किमतीतील साडेतीन लाखांचा फरक चार वर्षांत भरून निघतो. मात्र शौकिनाची आवडती गाडी रोज धावत नाही. ती महिन्याला तीनशे किलोमीटर चालली, तर वर्षाची बचत १८ हजार रुपये, आणि फरक भरून निघण्यास एकोणीस वर्षे लागतात.

पर्यावरणाच्या हिशेबातही हीच बाब आहे. देशातील विजेचा सर्वांत मोठा वाटा अद्याप कोळशापासून येतो आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. म्हणजे शंभर किलोमीटरला विजेची मोटार साडेदहा किलो, तर पेट्रोलची मोटार सुमारे पंधरा किलो कर्बवायू हवेत सोडते. फरक आहे आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसा तो रुंदावेल. परंतु ४० युनिट क्षमतेची बॅटरी तयार करतानाच दोन ते चार टन कर्बवायू बाहेर पडतो. रोज धावणारी गाडी हे कर्ज लवकर फेडते. रविवारपुरती बाहेर निघणारी गाडी बदलून विजेची घेतल्यास, दोन टनच धरले तरी, ते फिटण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. अर्थात जुन्या गाडीच्या धुराड्यातून निघणारा विषारी धूर हा वेगळा प्रश्न आहे. नियंत्रणाची साधने नसलेली १९९५ ची गाडी किलोमीटरमागे आजच्या गाडीच्या कित्येक पट दूषित वायू सोडते, आणि दिल्लीसारख्या शहरात तो थेट लोकांच्या श्वासात जातो. शौकिनांच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा घाईने उरकला जातो, हे नमूद केले पाहिजे.

दिल्लीचा उल्लेख अपरिहार्य आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनुसार राष्ट्रीय राजधानी प्रदेशात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांना रस्त्यावर मज्जाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पेट्रोल पंपावर इंधन नाकारण्याची मोहीम दिल्लीत सुरू झाली; लोकक्षोभामुळे ती काही दिवसांतच स्थगित करावी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, परंतु डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज ४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. ही मानके दिल्ली परिसरात २०१० मध्ये लागू झाली होती. त्यापूर्वीच्या गाड्या आता पुन्हा उघड्यावर पडल्या आहेत.

अन्य राज्यांत पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करता येते, पण ते महाग होत चालले आहे. एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून पाच हजार झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजारांवर नेण्यात आले. त्यातच २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाऊ लागले. जुन्या चारचाकींची इंधनक्षमता यामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज २०२१ च्या सरकारी आराखड्यातच व्यक्त करण्यात आला होता. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये ही घट किरकोळ असल्याचे सांगितले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वायसर बदलण्याचा खर्च मात्र मालकालाच सोसावा लागतो. विजेची मोटार घ्यावी असे शौकिनाला वाटो वा न वाटो, जुनी गाडी ठेवणे हळूहळू अवघड होत आहे.

यावर उपाय म्हणून दोन मार्ग सुचविले जातात. पहिला वारसा वाहनांचा. रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली वाहने ‘व्हीए’ ही अक्षरे असलेल्या खास क्रमांकासह नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, शर्यतफेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. दुसरा मार्ग जुन्या गाडीचे इंजिन काढून विजेची मोटर बसविण्याचा. मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेला संच वापरल्यास त्यास परवानगी आहे. एप्रिल २०२३ मध्ये लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परिषदेत अशी रूपांतरित जिप्सी मांडण्यात आली होती. खासगी मालकाला या कामासाठी काही लाख रुपये मोजावे लागतात.

गंमत अशी की हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. वारसा वाहनाचा दर्जा मिळण्यासाठी सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे आज विजेवर नेलेली जिप्सी उद्या पन्नाशीला पोहोचली तरी त्या दर्जास मुकण्याचीच शक्यता अधिक. जी मूळ रूपात ठेवली, तिला पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत पस्तीस वर्षे कोणताही खास आश्रय नाही. नेमक्या याच काळातल्या गाड्या, म्हणजे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मध्यमवर्गाने हप्ते फेडून घेतलेल्या गाड्या, आजचे बहुतेक शौकीन सांभाळत आहेत. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस गाड्यांची पन्नाशी कधीच उलटून गेली आहे.

अनेक सुस्थित घरांनी आपापला तोडगा काढला आहे. कचेरीत जाण्या-येण्यासाठी विजेची मोटार, रविवारसाठी जुनी पेट्रोलची. महाराष्ट्रात अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना पथकर माफ झाल्याने मुंबई परिसरात या व्यवस्थेला आणखी एक कारण मिळाले. परंतु त्यासाठी दोन गाड्यांची जागा हवी, त्यांपैकी एकीपाशी वीजजोडणी हवी, आणि गृहनिर्माण संस्थेची संमती हवी. एकाच गाडीची ऐपत असलेल्या शौकिनाला हा तोडगा उपलब्ध नाही. त्याला निवडच करावी लागते.

मारुती ८०० गाड्यांची पहिली तुकडी डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यांतील सर्वांत पहिली गाडी कंपनीने दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली आहे. त्या वेळच्या ज्या काही गाड्या खासगी मालकांकडे मूळ रूपात शिल्लक असतील, त्या वारसा वाहन म्हणून नोंदणीस डिसेंबर २०३३ मध्ये पात्र ठरतील. तोपर्यंत, राष्ट्रीय राजधानी प्रदेशात मोडणाऱ्या त्यांच्या जन्मगावी त्यांना रस्त्यावर येता येणार नाही.