भूत खरे की मुलगा खरा?

भूत आहे की नाही, हा वाद दिवाळी अंकांना नवा नाही. आस्तिकाने दाखले द्यावेत, नास्तिकाने ते खोडून काढावेत आणि मग दोघांनी एकाच ताटातला फराळ करावा, अशी आमची जुनी रीत आहे. याच अंकात पुढेमागे एखादी भुताची कथाही असेल. तिच्यावर माझा राग नाही. माझे म्हणणे एवढेच की, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. ज्याला भूत दिसते, जो भुताशी बोलतो, त्या पोराचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर द्यायची पाळी आली की आस्तिक आणि नास्तिक दोघेही खाली पाहू लागतात.

आधी एक हकीकत सांगतो. माझे बालपण कोकणातल्या एका खेड्यात गेले. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा होऊन चार-पाच वर्षे लोटली होती. पण तो तालुक्याच्या गावापर्यंत आला आणि पुढे रस्ता नाही म्हणून तिथेच थांबला असावा. आमच्या आळीत विहीर होती, विहिरीजवळ पिंपळ होता आणि पिंपळावर, सगळे म्हणत, मुंजा होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत माझ्याच वयाचा एक मुलगा राहत असे. पायाळू. बाप मुंबईस गिरणीत, आई नुकतीच वारलेली. त्याच्या वस्तीतली पोरेसुद्धा त्याला खेळायला घेत नसत. तिन्हीसांजेला तो त्या पिंपळापासून बेताच्या अंतरावर बसून एकटाच बोलत असे. कुणीतरी त्याला हटकले. तो म्हणाला, "मुंजाशी बोलतोय." काय म्हणतो मुंजा? "तहान लागलीय म्हणतो."

गाव हादरले. पण कशाने हादरले, ते पाहा. पिंपळावर मुंजा आहे याचे नवल कुणालाच नव्हते. त्याचा नारळ दरसाल ठरलेला होता. मुंजा तहानलेला आहे, हेही कुणी नाकारले नाही. अपराध एवढाच की, ब्राह्मणाच्या पोराचे भूत या पोराशी बोलले! मेल्यावरसुद्धा मुंजाने सोवळे सोडावे, हे गावाला सहन झाले नाही. घाडी आला. पोराला खांबाला बांधून मिरच्यांची धुरी देण्यात आली. पिंपळाला दूधसाखरेचा नैवेद्य झाला आणि कळशीभर पाणी त्याच्या मुळाशी ओतले गेले. खोकून खोकून काळानिळा पडलेल्या त्या मुलाला मात्र कुणी ओंजळभर पाणी दिले नाही. मी आमच्या ओटीवर उभा होतो. मीही दिले नाही. पुढे बाप आला आणि त्याला घेऊन गेला. तो पुन्हा दिसला नाही.

आता आमची भुतावळ जरा तपासू. आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर ग्रंथ काढला. त्यात कोकणातल्या भुतांची यादी आहे. मुंज झाली पण सोडमुंजीआधी मेला, तो मुंजा. लग्नानंतर मेलेला शूद्र, तो देवचार. बाळंतपणात दगावली, ती हडळ. बुडून मेला, तो गिऱ्हा. मेल्यावरही जात सुटत नाही, हे तर या यादीत दिसतेच. पण आणखीही काही दिसते. वेळेवर सुईण मिळाली नाही, कोवळ्या वयात औषध मिळाले नाही, पाण्यात कुणी हात दिला नाही, अशीच बहुतेक माणसे इथे भुते झालेली आहेत. म्हणजे ही यादी गावाने बुडवलेल्या देण्याची खतावणी आहे. आणि ती खतावणी मोठ्याने वाचणाऱ्या पोराला आम्ही खांबाला बांधतो!

श्रद्धाळू म्हणतील, "आम्ही कुठे त्याला हाकलतो? त्याच्या अंगी शक्ती आहे असे आम्ही मानतो." मानता, हे खरे, म्हणून तर जास्त भीती वाटते. पायाळूला जमिनीतले धन दिसते, ही समजूत पोरांच्या कौतुकासाठी जन्मलेली नाही. तिने पोरांचे बळीही घेतले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्यात गुन्हे आहेत; आणि मतिमंद माणसाच्या अंगी अलौकिक शक्ती आहे असे भासवून त्याच्यावर धंदा करणे हाही गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना तुमची 'शक्ती' चांगलीच ओळखू आली होती.

आता माझ्या बुद्धिवादी मित्रांकडे वळतो. मी त्यांच्याच पंगतीतला, म्हणून जरा अधिक बोलतो. भूत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यातून "म्हणून पोर ढोंगी" हे अनुमान निघते कसे? वेल्समधले डॉक्टर रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना मेलेला जोडीदार दिसला होता, ऐकू आला होता किंवा जवळ असल्यासारखा वाटला होता. ही वेडी माणसे नव्हती, दुःखी होती. आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. जिची आई नुकती गेली त्या लेकराला पिंपळापाशी आवाज ऐकू आला, तर त्याला हसणारा विवेकवादी आणि धुरी देणारा घाडी यांच्यात अंतर किती? एकाने नाकात धूर घातला, दुसऱ्याने तोंड बंद केले.

कुणी म्हणेल, आता दिवस पालटले. पालटले खरे. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली तेव्हा पंचवीसहून अधिक माणसे जळाली, कारण ती साखळदंडांनी बांधलेली होती. साखळ्यांना बंदी करणारा मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ साली आला. कायदा साखळी काढू शकतो. पोराशेजारी बसून जेवायला मात्र माणूसच लागतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. उद्या तुमच्या गावात, तुमच्या चाळीत एखादे पोर म्हणाले की मला मेलेली माणसे दिसतात, तर भूत आहे की नाही ते आधी ठरवू नका. त्याला विचारा, ती काय म्हणतात? भीती वाटते का? झोप लागते का? घरात कोण गेले? गरज असेल तर डॉक्टरकडे न्या, पण शाळेतून काढू नका आणि पंगतीतून उठवू नका. आणि आधी त्याला पाणी द्या. भुताचा वाद पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू शकतो. तहानलेले पोर थांबू शकत नाही. हे मला साठ वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.