गिधाडांचा नाश आणि आमचें कर्तव्य

ज्या पक्ष्याचें नांव शुभकार्यांत कोणी घेत नाहीं, जो घरावर बसला असतां शांति करावी असें कित्येक गृहस्थ अद्याप मानितात, त्या गिधाडावर अग्रलेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्यास आपण अशुभ म्हणत आलों तो गांवाची घाण विनावेतन नाहींशी करणारा आपला सेवक होता, आणि त्याचा नाश आपल्याच हातून झाला.

हकीकत अशी आहे. १९९० नंतर भरतपूरच्या अभयारण्यांत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांस गिधाडें झपाट्यानें मरतांना आढळलीं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारीं नऊशें नव्याण्णव या प्रमाणांत नाहींशीं झालीं. कोणी साथीचा रोग म्हणाले, कोणी दुसरें कांहीं. अखेर २००४ सालीं डॉ. लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील मृत गिधाडें तपासून खरें कारण प्रसिद्ध केलें. त्या पक्ष्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन आंतील इंद्रियांवर खडूसारखा पांढरा थर बसला होता, आणि त्यांत सांपडलें तें डायक्लोफिनॅक! लंगड्या बैलास वेदनाशमनार्थ टोंचावयाचें हें साधें औषध. परंतु तें दिलेलें जनावर लवकरच मेलें, तर सडकें मांस निर्धास्त पचविणाऱ्या गिधाडास तेंच विष होतें.

याचे परिणाम गिधाडांपुरतेच राहिले नाहींत. मेलेलीं ढोरें उघड्यावर कुजूं लागलीं, मुंबईंतील आमच्या पारशी बंधूंच्या परंपरागत अंत्यविधीस अडचण आली. २०२४ सालीं एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं असा हिशेब मांडला कीं, २००० ते २००५ या काळांत या ऱ्हासापायीं देशांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक दगावलीं. भटक्या कुत्र्यांची वाढ व दूषित पाणी हीं त्यांनीं दाखविलेलीं कारणें होत. खतावणी लिहिणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांनीं हा तोटा कोणत्या खातीं घालावा?

‘पाहा, हीच तुमची नवी विद्या!’ असें येथें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, दोष विद्येचा नव्हे, अर्धवट विद्येचा आहे. औषध दिलें, पण तें पुढें कोठें जातें हें कोणीं पाहिलें नाहीं. तें पाहिलें तेंही विद्येनेंच, आणि मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक असलेलें औषध दाखवून दिलें तेंही तिनेंच.

सरकारनें २००६ सालीं डायक्लोफिनॅक जनावरांसाठीं वर्ज्य केलें. तरी माणसांसाठीं विकलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोंचूं लागल्या, म्हणून २०१५ सालीं त्या बंद करून एकाच मात्रेची लहान कुपी ठरविण्यांत आली. २०२३ सालीं केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांसही गोठ्यांत मनाई झाली. परंतु कायदा कांहीं प्रत्येक गोठ्याच्या दारांत उभा राहत नाहीं. दुकानदारानें चार पैशांच्या लोभानें निषिद्ध माल देऊं नये, पशुपालकानें मागूं नये, आणि सुशिक्षितांनीं ही गोष्ट बाजाराच्या दिवशीं खेड्यांतील माणसांस समजावून सांगावी, इतकें तरी आपल्या हातीं आहे.

गिधाड घरावर बसलें म्हणून भिणाऱ्यांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, आतां बसावयास गिधाडच उरलें नाहीं, हा खरा अपशकुन होय. आणि त्याची शांति भटजींकडून होणारी नव्हे.